मृगाआधीचा शनिवार: बाजाराला बसायची तयारी

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमाराला निघतं आणि ७-८ जूनला मृग लागतो. या पंधरवड्यात बेळगावचे शनिवारचे बाजार मिळतात दोनच. जांबोटी, कणकुंबी, खानापूर या पट्ट्यात ज्यांच्या परसात आंबा-फणस आहे आणि बांधावर काजू आहे, त्यांची उन्हाळ्याची शेवटची कमाई याच दोन बाजारांत होते आणि पावसाळ्याची पहिली खरेदीही याच पैशातून होते. सकाळी विकायचं, दुपारी घ्यायचं आणि वळीव गाठायच्या आत माघारी फिरायचं. यंदा पहिल्यांदाच बुट्टी घेऊन बसणार असाल, तर शुक्रवारी रात्री सगळं गोळा करून भागणार नाही. आधीपासून लागावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ आंब्याला लागतो. झाडावरून झेल्यानं (जाळी लावलेल्या काठीनं) काढताना बोटभर देठ राहू द्या. देठ मुळातून तुटला की चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि गिऱ्हाईक नेमकं तेच फळ उचलून परत ठेवतं. काढलेला आंबा थोडा वेळ देठ खाली करून गवतावर ठेवला की राहिलेला चीक निथळून जातो. पिकवायची अढी भाताच्या पिंजरातच (पेंढ्यातच) लावा आणि शनिवारच्या आठ-दहा दिवस आधी लावा, हापूसला तेवढा वेळ द्यावाच लागतो. मधून मधून उलथून बघा, एक नासका आंबा शेजारच्या चार फळांना लागतो. कार्बाइडची पुडी कोणी कितीही आग्रहानं दिली तरी घेऊ नका. कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला देशभर बंदी आहे. त्याच्या वायूनं साल पिवळी होते, आतला गर मात्र कच्चाच राहतो, आणि त्यात आर्सेनिकचे अंशही असतात. आपल्याकडचा आंबा लहान मुलं खातात, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

शुक्रवारी संध्याकाळी अढी उलगडून तीन बुट्ट्या भरा: आज खायचा, दोन-तीन दिवसांनी खायचा आणि आठवडाभर टिकणारा. प्रत्येक गिऱ्हाईक पहिल्यांदा हेच विचारतं, आणि हात न चाचपडता योग्य बुट्टी पुढे करणाऱ्याकडे ते पुढच्या शनिवारीही येतं. लोणच्याच्या कैऱ्या मात्र शुक्रवारीच काढलेल्या, टणक आणि आंबट हव्यात. बरोबर कैरी फोडायची मोठी विळी आणि कोरडं फडकं घ्या. फोडी करून देणाऱ्याकडे गर्दी होते, कारण शहरातल्या घरात तशी विळी आता क्वचितच असते.

फणस कापा (घट्ट गऱ्याचा) असेल तर जागेवर फोडून गरे विका, बरका असेल तर अख्खाच द्या, त्याचे लिबलिबीत गरे उन्हात टिकत नाहीत. पिकलेला ओळखायचा तर काटे पसरट झालेले दिसतात, थाप मारली की बद्द आवाज येतो आणि वासही सुटलेला असतो. कोयत्याला आणि तळहातांना लावायला खोबरेल तेलाची बाटली, चीक पुसायला जुने कपडे आणि गरे द्यायला केळीची पानं आठवणीनं घ्या. करवंदं, जांभळं शनिवारी पहाटेच तोडायची. आदल्या दिवशीची करवंदं दुपारपर्यंत पाणी सोडतात.

काजूची बी अजून घरात असेल तर ती या दोन शनिवारांत काढून टाकाच. दोन-तीन उन्हं कडक द्या आणि मूठभर हलवून बघा, खुळखुळ आवाज आला की वाळली. वळवात भिजलेली बी काळी पडते आणि व्यापारी लगेच भाव पाडतो. रात्री अंगणात पसरून ठेवायचा मोह या दिवसांत टाळा.

आता बरोबर न्यायचं सामान. वजनकाटा रात्रभर चार्जिंगला लावा, कारण वाऱ्या-वादळाचे दिवस आहेत आणि वीज कधीही जाते. काट्यावर वजनमाप खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे ना, तेही बघून ठेवा. दहा-वीसच्या नोटा आणि नाणी वेगळ्या पिशवीत घ्या. क्यूआर कोडचा कागद प्लास्टिकमध्ये घालून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि भर गर्दीत नेटवर्क जातं हे धरूनच चला. कर्नाटकात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर २०१६ पासून बंदी आहे. घरात जुन्या साड्या असतील तर रिकाम्या वेळात त्यांच्या लहान पिशव्या शिवून ठेवा, नाहीतर कोऱ्या कागदाच्या पुड्या चालतात. ताडपत्री एक नको, दोन घ्या: एक खाली अंथरायला आणि एक वर ओढायला, चारही कोपऱ्यांना सुतळी आधीच बांधून. भाकरी, चटणी, कांदा आणि पाण्याचा मोठा कॅन घ्या. उन्हात बसून पाणी कमी पडलं की दुपारनंतर हिशेब चुकायला लागतो.

पहिल्या बसनं निघा. शक्ती योजनेमुळे ११ जून २०२३ पासून कर्नाटकच्या साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, पण कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र कमरेच्या पिशवीत हवं आणि जास्तीच्या ओझ्याचे पैसे वेगळे पडतात. ज्या लेकी चंदगडकडे दिल्या आहेत आणि तिकडून माल घेऊन येतात, त्यांना महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच लागते. पुढचं पूर्ण भाडं धरून तेवढे पैसे आधीच बाजूला काढा.

जागा धरताना गणपत गल्लीत शेजारी रोज बसणाऱ्या मावशी असतील तर त्यांना विचारून बसा. जागेची पट्टी दिली की पावती मागून घ्या आणि दिवसभर जपा. ज्येष्ठ पौर्णिमा जवळ आली असेल तर पाच फळांचे वाटे मांडा. वटपौर्णिमेच्या वाणाला आंबा, गरे, जांभळं थोडी थोडीच लागतात, कोणी किलोनं घेत नाही. त्याच दिवशी आपल्याकडे कर्नाटकी बेंदूर असतो, तेव्हा बैलांच्या म्होरक्या, गोंडे, दावी घ्यायला आलेले बापेही वाट्याजवळ थांबतात. दुपारी अडीचपर्यंत माल निम्म्याहून कमी झाला नसेल तर भाव उतरवा. पूर्वेकडे ढग काळे व्हायला लागले की तासाभरात सगळं आवरावं लागतं आणि भिजलेला आंबा घरी नेऊन उपयोग नाही.

खरेदीत बियाणं पहिलं. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून सवलतीचं घ्यायचं असेल तर आधार, फ्रूट्सचा (कर्नाटकच्या शेतकरी नोंदणीचा) ओळख क्रमांक आणि जमिनीचा उतारा लागतो. दुसरा आणि चौथा शनिवार सरकारी सुट्टीचा असतो, म्हणून तारीख बघूनच बेत करा. धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरणारे रोहिणीतच कुरी (पेरायचं अवजार) धरतात, त्यांनी पहिल्या शनिवारच्या आतच भात आणलेलं बरं. दुकानातून घेताना पिशवीवरची मुदत आणि लॉट क्रमांक बघा, पक्कं बिल घ्या आणि पिशवी पेरणीनंतरही टाकू नका. उगवण झाली नाही तर तक्रारीला तेवढाच पुरावा असतो. सोयाबीनची पिशवी बसच्या टपावर फेकू देऊ नका, त्याचं साल पातळ असतं आणि आपटलं की उगवण घटते.

मग रविवार पेठेत किराणा: खडेमीठ, चिंच, आमसूल, कडधान्य. मिरची अजून घ्यायची राहिली असेल तर तिखटाला संकेश्वरी आणि रंगाला ब्याडगी, देठासकट आणि वाजणारी बघून घ्या. पोरांच्या वह्या आणि रेनकोटही याच फेरीत घ्या. कर्नाटकातल्या शाळा महाराष्ट्राच्या आधी, मे संपता संपता उघडतात. सुकी मासळी सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या पिशवीत.

घरी आल्यावर बियाण्याची पिशवी भिंतीपासून दूर, फळीवर ठेवा. घरचं भात पेरणार असाल तर दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ओता, तरंगलेले पोचट दाणे काढून टाका आणि उरलेलं दोन-तीनदा साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. शिवाय घरचं असो की विकतचं, त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून रोज पाणी शिंपडा आणि आठवड्यानं किती रुजले ते मोजा. भाताचे ऐंशी आणि सोयाबीनचे सत्तर आले तर पेरायला हरकत नाही. कमी आले तर अजून एक शनिवार हातात आहे.