इंग्रजी शब्दसंग्रह वाढवताना: मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

बँकेची परीक्षा असो, परदेशात पुढे शिकण्यासाठीची जीआरई असो की मुंबईच्या बीकेसीतल्या ऑफिसातले मेल, आपल्याला पहिला उपाय एकच सांगतात: यादी पाठ करा. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. दादरच्या क्लासमध्ये मलाही तशीच वही करायला लावली होती आणि लोकलमध्ये उभ्याउभ्या मी ती पाठ केली. वही ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका.

वहीत ‘फेमस’ म्हणजे प्रसिद्ध आणि ‘नोटोरियस’ म्हणजेही प्रसिद्ध असतं, फार तर कंसात ‘वाईट अर्थाने’. मुलाखतीच्या घाईत कंस आठवत नाही आणि आपल्या कॉलेजचा महोत्सव ‘नोटोरियस’ होऊन बसतो. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख, पण ‘ड्यू टु ॲन ओव्हरसाइट’ म्हणजे नजरचुकीने. ‘सँक्शन’ कर्जाला मिळालं तर मंजुरी, देशावर लागलं तर निर्बंध. सगळ्यात फसवा शब्द साधा आहे, ‘कॉज’. कारणीभूत होणे, हे शाळेपासून ठाऊक असतं. पण इंग्रजीत तो बहुतेक वेळा अपघात, नुकसान, उशीर, त्रास यांच्याबरोबरच येतो. ‘नव्या मॅनेजरने नफा कॉज केला’ या अर्थाचं वाक्य व्याकरणात बसतं, तरी वाचणारा अडखळतो. अर्थ चुकला तर कुणीतरी टोकतं. वापर चुकला तर समोरचा नुसता पुढच्या प्रश्नाकडे वळतो आणि तीच चूक वर्षानुवर्षं पक्की होत जाते.

म्हणून ‘महिन्यात हजारो शब्द’ सांगणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका, हे मी स्पष्टच सांगते. जीआरईने २०११ मध्येच सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणं बंद केलं. आता वाक्यातली रिकामी जागा भरावी लागते, आणि बँकेच्या परीक्षेतल्या क्लोझ टेस्टमध्येही, म्हणजे गाळलेल्या शब्दांच्या उताऱ्यातही, तेच.

घाबरू नका, शब्द तुमच्याकडे वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा कोश, वापरा. लाँगमनच्या कोशात व्याख्या साधारण २००० सोप्या शब्दांतच दिलेल्या असतात, ऑक्सफर्डचा ऑनलाइन कोश फुकट आहे. वहीत अर्थाशेजारी कोशातलं एक पूर्ण वाक्य उतरवा, त्याखाली स्वतःचं एक लिहा, अगदी सिग्नल बिघडून गाडी रखडल्याचंही चालेल. यादी हवीच असेल तर ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट घ्या. तिच्यात ५७० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) आहेत आणि अभ्यासाच्या पुस्तकांत ती पावलोपावली भेटतात. थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, उघडून ‘बिग’च्या जागी भारदस्त शब्द चिकटवणं मात्र कटाक्षाने टाळा. त्याने मेल हमखास बिघडतो.

आणि तुमची वाक्यं तपासणारं एक माणूस शोधा. अर्थ सांगणारे पुष्कळ भेटतात, पण तुमच्या वाक्यावर रेघ मारून ‘हा शब्द इथे असा येत नाही’ म्हणणारा सीनियर एखादाच असतो. मला तो ऑफिसात उशिरा भेटला. तुम्ही आजच विचारा. आठवड्याला पाच वाक्यं दाखवली तरी पुरे, तेवढ्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.