भूकंपाची वर्षं मोजू नका, पिलर बघा: सोसायट्यांनी या चुका टाळा

"कोयना 1967, किल्लारी 1993. म्हणजे दर 26 वर्षांनी येतो!" स्ट्रक्चरल ऑडिटच्या, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीच्या निमित्ताने ज्या सोसायटीत जावं, तिथे हे गणित ऐकायला मिळतं. त्या हिशेबाने 2019 ला मोठा भूकंप यायला हवा होता. आला नाही. कोयनेचे धक्के धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरल्यानंतर सुरू झाले, आणि आजही जलाशयाचं पाणी चढलं-उतरलं की तिथली हालचाल वाढते. किल्लारीचा भाग तर तेव्हा नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तरी पहाटे 3:56 ला माळवदाची, म्हणजे जड मातीच्या छताची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. खडकात ताण साठायला शेकडो, कधी हजारो वर्षं लागतात. आपल्या नोंदी त्यापुढे फारच तोकड्या. मुंबई झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे, तयारीला एवढं कारण पुरे.

दुसरी चूक बघून माझा संताप होतो: पिलर तासणं. भांडुपच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं दार अडकायला लागलं. सुताराने ते रंधून दिलं, पुन्हा अडकलं. सगळे म्हणाले, पावसाळ्यात लाकूड फुगतं. मी खालच्या गाळ्यात गेलो आणि नवं चकचकीत पॅनेल काढायला लावलं. शटर रुंद करायला पिलरची एक बाजू ब्रेकरने फोडली होती. उभे गज उघडे, रिंगा कापलेल्या. "साहेब, नुसतं प्लास्टर काढलंय," ठेकेदार म्हणाला. गज एकत्र धरून ठेवतात त्या रिंगाच, आणि इमारत आडवी हलते तेव्हा पिलर त्यांच्याच जोरावर टिकतो. त्याच रात्री टेकू लावले, मग जॅकेटिंग, म्हणजे पिलरभोवती नवे गज आणि काँक्रीटचं आवरण. चार दिवसांत दुकान उघडायच्या घाईपायी वरच्या सगळ्या घरांचा जीव टांगणीला लागला होता. 2001 ला भूजचा भूकंप झाला तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत खाली मोकळं पार्किंग असलेल्या कित्येक इमारती बसल्या. आपल्याकडेही असं नुसत्या पिलरवर उभं स्टिल्ट पार्किंग आहेच. तिथला एकेक पिलर जपा.

भेगेवर पुट्टी फिरवून रंग मारू नका. मी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहितो; खुणेपुढे गेली की इंजिनिअर बोलवायचा.

धक्का बसताना लिफ्ट किंवा जिन्याकडे धावू नका. भक्कम टेबलाखाली शिरा, टेबलाचा पाय घट्ट धरा, डोकं झाका.

खिडकीच्या ग्रिलच्या कुलपाची किल्ली तिथेच, हाताला लागेल अशी ठेवा. जिन्यातले चपलांचे रॅक आजच काढा. पलंगाजवळचं लोखंडी कपाट भिंतीला अँगलने आवळा.

30 वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे. स्वस्तातलं प्रमाणपत्र आणू नका. ऑडिटर आला की पिलरला लागलेली कपाटं हलवा, बाथरूमचं फॉल्स सीलिंग उघडा आणि हातोडी मारून बघायला सांगा. पोकळ आवाज आला तिथलं प्लास्टर त्याच्यासमोर काढून गंजलेल्या गजाचा फोटो घ्या.