अण्णांचा अंगठा लागत नाही: घरबसल्या हयातीचा दाखला

आमचे अण्णा पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत 31 वर्षं टर्नर होते, म्हणजे लेथ मशीनवर धातू कातायचे. बोपोडीहून सायकल, हॅरिस पुलावरून दापोडी, पुढे नाशिक फाट्याला वळून भोसरी. मशीनवर फिरणाऱ्या तुकड्याला हाताने पॉलिश पेपर धरायचा, बोटं सदा कुलंटमध्ये, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, भिजलेली, वर लोखंडाच्या किसाचे ओरखडे. आठ तास, ओव्हरटाइम मिळाला तर बारा. त्या ओव्हरटाइमवर माझा डिप्लोमा झाला आणि अण्णांच्या बोटांवरच्या रेषा गेल्या.

हे आम्हाला कळलं ते पेन्शन सुरू झाल्यावर. ईपीएस-95 ची, म्हणजे खाजगी नोकरीतल्या पीएफबरोबरची पेन्शन चालू ठेवायची तर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पहिली काही वर्षं मशीनवर उजवा अंगठा लागला, म्हणजे ठसा आधारशी जुळला. मग तर्जनी, मग डावा हात. शेवटी डावी करंगळी तेवढी उरली, कारण ती लेथवर फारशी कामाला येत नाही. एका वर्षी तीही लागेना. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजोबा, नीट दाबा ना." अण्णांनी खिशातून रुमाल काढला, बोट पुसलं, फुंकर मारली, परत ठेवलं. लाल दिवा. परत पुसलं. मागे रांग. पाचव्या वेळी ते माझ्याकडे बघून हसले, चूक त्यांचीच असल्यासारखे. मला तो लाल दिवा अजून दिसतो.

म्हणून हे लिहितेय. तुमचे वडील गवंडी असोत, प्रेसवर असोत, फाउंड्रीत असोत, ठसे गेले असतील तर त्यांना रांगेत बोट पुसायला लावू नका. 2021 च्या नोव्हेंबरपासून चेहरा दाखवून दाखला काढायची सोय आहे, आणि तुमच्या मोबाईलवर ते काम होतं.

लागतं काय? बरा अँड्रॉइड फोन, चालणारं इंटरनेट, वडिलांचं आधार कार्ड, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या पत्रावरचा) नंबर आणि पेन्शन जमा होते त्या खात्याचा नंबर. पीपीओचं पत्र आधी शोधून ठेवा. आमच्याकडे ते आईच्या साड्यांच्या कपाटात, रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत निघालं, आणि त्यात अर्धा तास गेला.

प्ले स्टोअरवरून दोन अ‍ॅप घ्यायची: 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण'. पहिलं घेतल्यावर त्याचं चिन्ह स्क्रीनवर दिसत नाही. मी ते तीनदा काढून टाकलं आणि परत घेतलं. तसं करू नका, ते मागे गुपचूप चालतं. उघडायचं फक्त जीवन प्रमाण. (उमंग अ‍ॅपमधूनही हे होतं. मी जे केलंय ते सांगते.)

आधी अ‍ॅप 'ऑपरेटर' विचारतं, म्हणजे फोन हाताळणारा माणूस. त्याचा आधार नंबर, मोबाईल, ईमेल, ओटीपी आणि त्याचाही चेहरा. हे एकदाच. इथे सगळी मुलं स्वतःचं नाव टाकतात. मीही टाकणार होते. पण पेन्शनर स्वतःही ऑपरेटर होऊ शकतो. मी अण्णांचं नाव टाकलं. ते का बरं केलं, ते पुढे येईल.

मग पेन्शनरची माहिती. नाव आधारवर आहे तसंच लिहायचं. पेन्शन मंजूर करणारी संस्था विचारली की ईपीएफओ, म्हणजे पीएफचं ऑफिस, निवडायचं. पुष्कळ जण इथे बँक टाकतात, कारण पैसे बँकेत येतात. पीपीओ नंबर वडिलांना मोठ्याने वाचायला सांगा आणि टाकून झाला की त्यांनाच तपासायला द्या. अण्णांनी चष्मा लावून एकेक आकड्यावर नख ठेवत तपासला आणि माझी एक चूक काढली. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, तेही ते मला असंच शिकवायचे. आधी तू वाच, मग मी वाचतो, दोघांचं जुळलं तरच लिहायचं. दहावीच्या सुट्टीत वाटीचा व्यास, पाइपची जाडी, भिंतीवरचा खिळा, जे सापडेल ते आम्ही मोजायचो. तेही गुरुवारी, कारण कारखान्याची सुट्टी गुरुवारी; शाळा असली की माझी सुट्टी रविवारी. एरवी अण्णा म्हणजे नाईट करून आलेला, भिंतीकडे तोंड करून झोपलेला माणूस, आणि आईचं "हळू बोला गं."

पुढे नोकरी परत धरली आहे का, पुन्हा लग्न केलंय का, असे प्रश्न येतात. दुसऱ्या प्रश्नाला आई स्वयंपाकघरातून काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

आता चेहरा. खरी खटपट इथेच. खिडकीकडे पाठ करून बसवू नका, उजेड समोरून हवा. चष्मा, टोपी, मफलर काढायचा. फोन डोळ्यांच्या उंचीवर, तोंड गोलात मावेल इतका लांब. गोल आला की पापण्या मिटायच्या आणि उघडायच्या. ही पिढी फोटो म्हटलं की श्वास रोखून, डोळे ताणून बसते. अण्णा तर फॅक्टरीच्या ओळखपत्राला बसल्यासारखे बसले. यंत्र मागतंय पापणी, आणि हे काही मिटेनात. दोनदा नापास. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "अण्णा, कुलंट उडालं डोळ्यात." झटक्यात मिटले. हिरवं झालं.

घाई करू नका हे महत्त्वाचं. ऑफिसला निघता निघता, एक पाय चपलेत घालून हे होत नाही. सुट्टीच्या दिवशी चहा झाल्यावर बसा. आणि फोन त्यांच्या हातून हिसकावून घेऊ नका. बोट चुकलं तर चुकू दे.

झालं की मेसेजवर प्रमाण आयडी येतो. तो कॅलेंडरवर लिहून ठेवा. जीवन प्रमाणच्या साइटवरून दाखला उतरवून घेता येतो. पण दाखला निघाला म्हणजे मंजूर झाला असं नव्हे. माहिती चुकली असेल तर तो नाकारतात, म्हणून काही दिवसांनी साइटवर स्थिती बघा. ईपीएस-95 वाल्यांनी नोव्हेंबरच्या गर्दीत जायची गरज नाही. वर्षभरात केव्हाही द्या, दिल्या तारखेपासून 12 महिने चालतो. सरकारी पेन्शनरांचा मात्र सहसा नोव्हेंबरमध्ये. दाखला राहिला तर पेन्शन थांबते, बुडत नाही. दिल्यावर मागचं मिळतं. आणि दाखल्यासाठी कोणी फोन करून ओटीपी मागितला तर ठेवून द्या. तशी मागणी करणारा चोरच असतो.

घरात असा फोन नसेल तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेतर्फे पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देतो. शुल्क आधी विचारून घ्या.

अण्णांची पेन्शन महिन्याला अडीच हजारसुद्धा नाही. मी एकदा म्हटलं होतं, राहू द्या अण्णा, मी देते तेवढे. ते काही बोलले नाहीत, पण दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. त्या पैशातून ते स्वतःचं दूध, औषधं आणि नातवाचा खाऊ आणतात. तिसऱ्या दिवशी मी विषय सोडून दिला तो सोडूनच दिला.

आता ऑपरेटरची गोष्ट. दाखल्यानंतरच्या गुरुवारी मी घरी होते. सकाळी अकराला अण्णांचे जुने शिफ्टमधले दोघे आले, हातात पीपीओची पत्रं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी यांची सुट्टी गुरुवारीच. एकाची दोन बोटं प्रेसमध्ये गेलेली. मी फोन घ्यायला उठले तर अण्णांनी हातानेच बस म्हणून खुणावलं. खुर्ची खिडकीसमोर फिरवली, त्यांना बसवलं, चष्मा काढायला लावला, आणि माझाच फोन दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "हलू नको. थांब. अजून थांब. हं, आता मिट."