फरशीवर वाळलेलं ग्राउट काढताना दगड कसा वाचवायचा

फरशीवर वाळलेलं ग्राउट (फरशांच्या सांध्यांत भरायचा माल) निघावं म्हणून घराचा ताबा देण्याआधी फरशी ॲसिडने धुऊन काढायची पद्धत पुण्यातल्या साइटवर सर्रास दिसते. व्हिट्रिफाइड टाइलला ते बहुधा चालून जातं. मार्बल, कोटा, शहाबादी, कडप्पा यांना नाही. हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड, आणि सिमेंटचं ग्राउट ॲसिडमध्ये विरघळतं तेही त्यातल्या चुन्यामुळेच. त्यामुळे जे ग्राउटला खातं ते फरशीलाही खातं. ॲसिड ओतल्यावर फसफसतं ते मळ निघतोय म्हणून नाही, दगड झिजतोय म्हणून. लिंबू, व्हिनेगर आणि ‘टाइल क्लीनर’ नावाच्या बऱ्याच बाटल्या याच पंगतीतल्या.

दगड कोणता याची शंका असेल तर उरलेल्या तुकड्यावर लिंबाचे दोन थेंब ५ मिनिटं ठेवा. पुसल्यावर डाग निस्तेज दिसला तर दगड चुन्याचा. ग्रॅनाइटवर काही होणार नाही, पण तिथेही ॲसिड नको. काही ग्रॅनाइटमधलं लोह त्याने गंजतं आणि पिवळे डाग वर येतात.

सांधे भरून किमान २४ तास झाल्याशिवाय पाणी लावू नका, नाहीतर सांध्यातला माल निघून येतो. आधी कोरड्या नायलॉन ब्रशने घासा. निम्मी भुकटी तशीच सुटते. जाड गोळ्यांवर ओलं फडकं १५-२० मिनिटं ठेवा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने किंवा चपट्या बांबूच्या काडीने खरवडा. पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर नवं ब्लेड जवळजवळ आडवं धरून चालतं. मार्बलवर ब्लेड, तारेची घासणी, हिरवा स्क्रबर यातलं काहीच नको. ओरखडे उजेडात लगेच दिसतात.

राहतो तो पांढुरका थर. कोमट पाण्यात पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असं, स्टोन क्लीनर (प्रमाण बाटलीवर असतं) घालून पांढऱ्या नायलॉन पॅडने गोल घासा. एका वेळी २ बाय २ फूट, त्याहून जास्त नाही. पुढचा भाग भिजवेपर्यंत मागचा वाळतो आणि सगळं पुन्हा चिकटतं. लगेच दुसऱ्या बादलीतल्या स्वच्छ पाण्याने पुसून कोरडं करा. वाळल्यावर थर परत दिसला तर बहुतेक वेळा दोष पाण्याचा: सिमेंटचं गढूळ पाणी परत फरशीवर पसरलेलं असतं. बादली वारंवार बदला. बोअर किंवा टँकरच्या जड पाण्याचे क्षारही अगदी तसेच दिसतात. शेवटचं पुसणं पिण्याच्या पाण्याने केलं तर हा गोंधळ टळतो. खडबडीत शहाबादीच्या खळग्यांत पॅड पोचत नाही, तिथे ब्रशच हवा.

इपॉक्सी ग्राउटची गोष्ट वेगळी. ते सिमेंटचं नसून रेझिनचं असतं, दोन-तीन भाग मिसळून बनतं आणि पाण्याने सुटत नाही. ताजं असेल तर त्याच कंपनीचं क्लीनर वापरा. कडक झालं असेल तर दगडाला चालणारं इपॉक्सी रिमूव्हर आणा, कोपऱ्यात तपासा, हातमोजे घाला, खिडक्या उघडा.

ॲसिड आधीच पडलं असेल तर भरपूर पाण्याने धुवा, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवून पुन्हा धुवा. गेलेली चकाकी मात्र घासून परत येत नाही. त्यासाठी मशीन पॉलिश, साधारण ४०० ग्रिटपासून (आकडा जितका मोठा तितकं पॅड बारीक) ३००० पर्यंत.

सच्छिद्र दगडाचे सांधे गडद रंगाच्या ग्राउटने भरायचे असतील तर आधी सीलर (दगडाची छिद्रं बंद करणारा लेप) मारायला सांगा. एकदा आत मुरलेला रंग वरून घासून निघत नाही.