मूल लैंगिक अत्याचाराबद्दल तुमच्यापाशी बोललं तर: कीर्तनकार, पुजारी, स्वामी, मौलाना, फादर यांच्यासाठी

मी सोलापुरात कीर्तन करते, रविवारी सभामंडपात मुलांना हरिपाठ आणि टाळ शिकवते. आमच्या पूर्व भागात आई विड्या घेऊन कारखान्यात जाते, वडील यंत्रमागावर रात्रपाळीला. मधल्या वेळात पोरं देवळाच्या, मठाच्या, मशिदीच्या भरवशावर असतात.

घरून सांगून पाठवलेलं असतं, ‘महाराज सांगतील ते ऐकायचं.’ वाईट नजरेच्या माणसाला नेमकं हेच हवं असतं. म्हणून आधी आपली जागा नीट करा. शिकवणी उघड्या मंडपात घ्या, मुलाला एकट्याला खोलीत बोलावू नका. मुलांकडून पाय चेपून घ्यायचे नाहीत, अंग रगडून घ्यायचं नाही. सेवा म्हणूनही नाही, महाराज कितीही मोठे असोत. दिंडीत किंवा पंढरपूरच्या मठात मुलं मुक्कामी असतील तर त्यांची झोपायची सोय वेगळी करा आणि आईवडिलांना कधीही येऊ द्या.

सप्ताहाच्या कीर्तनात पाच मिनिटं स्पष्ट बोला. वडीलधाऱ्यांचं ऐकावं, पण कुणी नको तिथे हात लावला, कपडे काढायला सांगितले, ‘कुणाला सांगू नको’ म्हणालं, तर ऐकायचं नाही. मग तो मामा असो, शेजारचा दादा असो की महाराज. सांगितल्याने पाप लागत नाही, देव रागवत नाही. हे मुलग्यांसाठीही आहे, असं वेगळं सांगा. त्यांच्याबाबतीत हे होतं हे लोक मानतच नाहीत.

मूल बोलायला लागलं की मधे तोडू नका. आपल्याकडे कितीतरी घरांत तेलुगू, कन्नड बोलतात. त्याला ज्या भाषेत जमेल त्या भाषेत बोलू द्या. पोलिसांपुढे जबाब देतानाही त्याला दुभाषा मिळायला हवा, तशी कायद्यात तरतूद आहे. तुम्ही एवढंच म्हणा: ‘सांगितलंस ते बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. तुझी काही चूक नाही.’ ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. खोदून खोदून विचारू नका. मूल ज्याच्याबद्दल सांगतं त्या माणसाला बोलावून समोरासमोर करू नका, बेलभंडारा तर मुळीच उचलायला लावू नका. देवापुढे खोटी शपथ घेणारा घेतो, आणि मूल कायमचं गप्प होतं. घटना ताजी असेल तर कपडे धुवू नयेत, असं आईला सांगा.

मग लगेच १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या मदतवाहिनीला, फोन करा. धोका समोर असेल तर ११२ हा तातडीचा नंबर. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. माहीत असून दडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचं कृत्य संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत. धर्मसंस्थेतल्याच माणसाने तिथल्या मुलावर अत्याचार केला तर कायदा तो अधिक गंभीर गुन्हा धरतो. सद्हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही.

घरचे चौकीला घाबरतात. त्यांना सांगा, मुलाचा जबाब घरीही घेता येतो, अधिकारी गणवेशात नसावा, शक्यतो महिला असावी, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

खरी कसोटी पुढे लागते. समाजाचे पंच येतात, विश्वस्त येतात. ‘देवस्थानाची बदनामी होईल’, ‘पोरीचं लग्न कसं व्हायचं’, ‘इथेच मिटवू’. मिटवण्याच्या बैठकीला बसू नका आणि देवळात ती भरू देऊ नका. इथे वकिलापेक्षा तुमचा शब्द जड आहे. दोष करणाऱ्याचा आहे, हे चारचौघांत तुम्ही म्हणालात तर त्या घराशी लोक बोलणं टाकत नाहीत. मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, म्हणून व्हॉट्सअॅपवर काही टाकू नका आणि नाव न घेतासुद्धा कीर्तनात दृष्टान्त म्हणून ती हकिकत वापरू नका. गल्लीला लगेच कळतं.

मुलाला टाळाच्या रांगेत त्याच्याच जागी उभं करा. कोर्टाच्या तारखेला आईचा रोज बुडतो. तो देवस्थानाच्या निधीतून द्यावा, असं विश्वस्तांना आधीच सांगून ठेवा. आणि तारखेला जाताना तिच्याबरोबर कुणीतरी जा.