देवकुंड धबधब्याला जाताय? आधी हे बघा
रायगड जिल्ह्यातल्या भिरा गावातून देवकुंड एका बाजूने साधारण सहा किमी, जायलाच दोन-अडीच तास, म्हणून सकाळी सातला चालायला लागायचं. पावसाळ्यात बऱ्याचदा बंदी असते, आदल्या दिवशी गावात फोन करून विचारा आणि बंदी असेल तर खरंच जाऊ नका. सुरुवातीला धरणाच्या पाण्याकडेने सपाट वाट, मग जंगल आणि ओढे, खरी भीती ह्या ओढ्यांचीच, वर पाऊस झाला की पाणी गढूळ होतं, काड्या-पाला वाहत येतो, असं दिसलं की तिथूनच मागे फिरा प्लीज. गावातला गाईड घ्याच. ग्रिपवाले शूज, दोन लिटर पाणी, सुके कपडे पिशवीत बांधून. कुंड खोल आहे, पोहायला उतरू नका.