डिस्क प्लेअर होम थिएटरला जोडताना, आणि जोडल्यावर अडला तर

प्लेअरची एचडीएमआय केबल थेट टीव्हीत खोचायची की आधी रिसीव्हरमध्ये, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या पेटीत, इथूनच बरेचसे घोळ सुरू होतात. रिसीव्हरला एचडीएमआय असेल तर उत्तर सरळ आहे: प्लेअरच्या 'एचडीएमआय आउट'मधून रिसीव्हरच्या 'एचडीएमआय इन'मध्ये, आणि रिसीव्हरच्या 'मॉनिटर आउट'मधून टीव्हीत. दोन केबलमध्ये काम होतं. चित्र आणि आवाज एकत्र रिसीव्हरपर्यंत येतात, रिसीव्हर आवाज स्वतःकडे ठेवतो आणि चित्र पुढे पाठवतो.

उलट वाट धरली, म्हणजे प्लेअर टीव्हीला जोडून टीव्हीतून आवाज माघारी रिसीव्हरकडे आणला, तर तो एआरसीतून, म्हणजे एचडीएमआय केबलमधून आवाज उलट दिशेने आणणाऱ्या सोयीतून येतो. साध्या एआरसीत डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे डिस्कवरचे अस्सल आवाजाचे प्रकार मावत नाहीत. त्यासाठी टीव्ही आणि रिसीव्हर दोघांनाही ईएआरसी, म्हणजे एआरसीची वाढीव आवृत्ती लागते. डिस्क लावून सिनेमा बघण्याचं निम्मं सुख त्या भरदार, काटछाट न झालेल्या आवाजात आहे. तो केबलच्या चुकीच्या वाटेत गमावू नये.

जोडताना सगळी उपकरणं बंद करून प्लग काढून ठेवा. रिसीव्हरच्या मागे 'बीडी/डीव्हीडी' असं छापलेलं सॉकेट असेल तर प्लेअर तिथेच लावा, म्हणजे रिमोटवरचं त्याच नावाचं बटण आपोआप बरोबर सॉकेट उघडतं. केबलला कोपऱ्यात काटकोनात दुमडू नका, थोडी सैल राहू द्या. प्लेअर रिसीव्हरच्या डोक्यावर ठेवू नका. रिसीव्हर चांगलाच तापतो, त्याच्या वर किमान १० सेंटिमीटर मोकळी हवा हवी, आणि खालून शेक बसला की प्लेअरही सिनेमाच्या उत्तरार्धात अडखळायला लागतो.

केबल कुठली घ्यावी? साध्या ब्लू-रेच्या १०८०पी चित्राला 'हाय स्पीड' पुरते. ४के आणि एचडीआरसाठी (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) 'प्रीमियम हाय स्पीड' लिहिलेली घ्या. ती सेकंदाला १८ गिगाबिटसाठी तपासलेली असते. तांब्याची केबल ३ मीटरपर्यंत सहसा त्रास देत नाही. प्रोजेक्टरसाठी लांब न्यायची असेल तर ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय केबल बरी, पण तिला दिशा असते: 'सोर्स' लिहिलेलं टोक रिसीव्हरकडे, 'डिस्प्ले' लिहिलेलं प्रोजेक्टरकडे. उलटी लावली तर काहीच दिसत नाही.

जुना रिसीव्हर असेल तर

रिसीव्हरला एचडीएमआय नसेल तर एचडीएमआय टीव्हीला आणि आवाजासाठी ऑप्टिकल केबल रिसीव्हरला लावा. ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल आणि डीटीएसचे ५.१ चॅनेल जातात, पण पीसीएमचे, म्हणजे प्लेअरने आधीच उलगडलेल्या आवाजाचे, फक्त दोन. म्हणून प्लेअरमध्ये डिजिटल आउटपुट 'बिटस्ट्रीम' (आवाज न उलगडता जसाच्या तसा पाठवणं) ठेवणं भाग आहे. 'पीसीएम' राहिलं तर मागचे स्पीकर मुकेच राहतात. नव्या ऑप्टिकल केबलच्या टोकांवर पारदर्शक टोप्या असतात, त्या काढायला विसरतं. प्लेअरकडचं टोक खोचून प्लेअर चालू करा आणि दुसरं टोक तळहातासमोर धरा. लाल ठिपका उमटला की प्लेअर आपलं काम करतोय. मग दोष शोधायचा तो रिसीव्हरकडे.

डीव्हीडी प्लेअर कॉम्पोनंट या ॲनालॉग जोडणीने जोडताना हिरवी, निळी, लाल या चित्राच्या पिना आणि पांढरी, लाल या आवाजाच्या. लाल पिना दोन होतात, आणि त्यांची अदलाबदल झाली की चित्राचे रंग बिघडतात आणि उजव्या स्पीकरमधून घरघर येते. ब्लू-रेसाठी मात्र ही वाट धरू नका. कॉपीसंरक्षणाच्या नियमांमुळे २०१० नंतर बनलेल्या प्लेअरमध्ये ॲनालॉगवर ब्लू-रेचं चित्र डीव्हीडीच्या दर्जापुरतं उरलं, आणि २०१३ नंतर बनलेल्यांत तेही बंद झालं.

तिसरी अडचण ४के डिस्कची. अल्ट्रा एचडी ब्लू-रेला वाटेतल्या प्रत्येक उपकरणात एचडीसीपी २.२ हे कॉपीसंरक्षण लागतं. रिसीव्हर त्याआधीचा असेल तर पडदा काळा राहतो किंवा चित्र १०८०पीवर उतरतं. काही ४के प्लेअरना याचसाठी दोन एचडीएमआय आउट दिलेले असतात: मुख्य आउट थेट टीव्हीला, आणि 'ऑडिओ ओन्ली' लिहिलेला रिसीव्हरला. नवा रिसीव्हर घेण्यापेक्षा असा प्लेअर निवडणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण जुन्या रिसीव्हरचा ॲम्प्लिफायर बऱ्याचदा उत्तम असतो.

सेटिंग तीन ठिकाणी

प्लेअरमध्ये रेझोल्यूशन 'ऑटो' आणि '२४पी आउटपुट' चालू ठेवा. बहुतेक सिनेमे सेकंदाला २४ फ्रेमचे असतात. ते ६०मध्ये बसवताना काही फ्रेम दोनदा तर काही तीनदा दाखवाव्या लागतात, आणि कॅमेरा सावकाश आडवा सरकतो तेव्हा चित्र हिसके देतं. आवाज 'बिटस्ट्रीम'. त्याच्याच जवळपास 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'बीडी ऑडिओ मिक्स' नावाचं एक सेटिंग असतं, ते बंद करा. मेनूतल्या क्लिकचा आवाज आणि दिग्दर्शकाचं भाष्य मिसळायला ते असतं, पण ते चालू असलं की प्लेअर मूळ ट्रॅक स्वतः उलगडतो आणि ॲटमॉसची (डोक्यावरूनही ऐकू येणाऱ्या आवाजाची) माहिती रिसीव्हरपर्यंत पोचतच नाही. ॲटमॉस दिसत नसेल तर सगळ्यात आधी इथे बघा.

टीव्हीत ज्या सॉकेटला केबल लावली त्या सॉकेटपुरतं 'एन्हान्स्ड', 'अल्ट्रा एचडी डीप कलर' किंवा 'इनपुट सिग्नल प्लस' असं काहीतरी चालू करावं लागतं; कंपनीगणिक नाव बदलतं. केबल दुसऱ्या सॉकेटला हलवली की तिथे पुन्हा करावं लागतं. पुष्कळ रिसीव्हरमध्येही ४के सिग्नलसाठी असंच वेगळं सेटिंग असतं. दोन्हींपैकी एक राहिलं तर चित्र येतं पण एचडीआर येत नाही, आणि माणूस विनाकारण केबल बदलत बसतो.

हे सगळं बरोबर झालं का, ते सिनेमा चालू असताना रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर वाचा. डिस्कच्या मेनूत साधा डॉल्बी डिजिटल किंवा पीसीएम दिसतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

अडलं तर साखळी तोडा

तीन उपकरणं आणि दोन केबल, म्हणजे दोष पाचपैकी एका जागी आहे किंवा एखाद्या सेटिंगमध्ये. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही, म्हणून एका वेळी एकच बदल.

पडदा काळा असेल तर आधी हँडशेक नव्याने घडवा. एचडीएमआयवर टीव्ही स्वतःची ओळख सांगतो, मी अमुक रेझोल्यूशन दाखवू शकतो म्हणून, आणि प्लेअर त्याप्रमाणे सिग्नल पाठवतो. हे बोलणं अर्धवट राहिलं की सगळं ठप्प. तिन्हींचे प्लग भिंतीतून काढा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग टीव्ही, त्यानंतर रिसीव्हर, शेवटी प्लेअर अशा क्रमाने चालू करा. प्लेअरमधलं 'क्विक स्टार्ट' बंद ठेवलं तर हा प्रकार कमी होतो, कारण त्यात प्लेअर पूर्ण बंद होतच नाही.

तरीही काळाच? रिसीव्हर बाजूला करून प्लेअर त्याच केबलने थेट टीव्हीला लावा. चित्र आलं तर प्लेअर आणि ती केबल दोन्ही निर्दोष. दोष रिसीव्हरमध्ये किंवा त्याच्या पुढच्या केबलमध्ये. नाही आलं तर केबल बदला, मग टीव्हीचं सॉकेट.

चित्रात पांढरे ठिपके चमकत असतील किंवा पडदा मधेच सेकंद-दोन सेकंद काळा पडत असेल तर संशय केबलवर घ्या. याची एक नेमकी खूण आहे. प्लेअरचा स्वतःचा मेनू बहुधा ४के ६० फ्रेमने जातो, सिनेमा २४ने. सिनेमाला निम्म्याच्या आसपास वहनक्षमता पुरते. त्यामुळे मेनूत ठिपके दिसून सिनेमा सुरू झाल्यावर ते थांबत असतील, तर केबल काठावर पास होते आहे. आखूड किंवा चांगली केबल लावा. प्लेअर उघडू नका.

चित्र आहे, आवाज नाही, अशा वेळी टीव्हीच्या मेनूत जा. रिमोट एकमेकांशी जोडणारी सीईसी सोय आवाज अधूनमधून टीव्हीच्या स्पीकरकडे वळवते. ती प्रत्येक कंपनीत वेगळ्या नावाने असते: ब्राव्हिया सिंक, ॲनीनेट प्लस, सिंपलिंक. तिथे ठीक असेल तर रिसीव्हरमध्ये त्या इनपुटचा आवाज ऑप्टिकलला नेमून दिलेला नाही ना ते बघा. फक्त संवाद बारीक वाटत असतील तर सेंटर स्पीकरची तार आणि लेव्हल तपासा. आवाज ओठांच्या पुढे धावत असेल तर रिसीव्हरमधल्या 'लिप सिंक'मध्ये २० मिलिसेकंदांच्या टप्प्याने उशीर वाढवत जा.

डिस्कच वाचत नसेल

आधी कुठली डिस्क चालते ते पाहा. सीडीसाठी ७८०, डीव्हीडीसाठी ६५० आणि ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा लेसर वापरला जातो. डीव्हीडी छान चालतात आणि एकही ब्लू-रे उघडत नाही, तर ब्लू-रेचा लेसर थकला असण्याची दाट शक्यता आहे. एकच नवी ब्लू-रे अडत असेल तर गोष्ट वेगळी: तिच्या संरक्षणाच्या किल्ल्या जुन्या फर्मवेअरला (प्लेअरच्या आतल्या सॉफ्टवेअरला) ओळखता येत नाहीत. फर्मवेअर अपडेट करा, आणि ते चालू असताना वीज तोडू नका. डिस्कचा विभागही तपासा: डीव्हीडीला आकडे, ब्लू-रेला ए, बी, सी. ४के डिस्कला विभागाचं बंधन नाही.

सिनेमा दर वेळी त्याच जागी थांबत असेल तर डिस्क दोषी, वेगवेगळ्या जागी थांबत असेल तर लेन्स किंवा उष्णता. ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर खाली असतो, डीव्हीडीचा ०.६. त्यामुळे बोटाचा एक ठसाही ब्लू-रेला पुरतो. मऊ मायक्रोफायबर कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. टूथपेस्टने घासण्याचा सल्ला ब्लू-रेवर चुकूनही वापरू नका. वरचं कडक आवरण खरवडलं जातं आणि डिस्क कायमची जाते.

प्लेअर थंड जागेतून गरम खोलीत आणला असेल तर लेन्सवर दव धरतं. आत डिस्क न घालता तासा-दोन तासांसाठी चालू ठेवा, ते आपोआप उडतं.

ट्रे गुरगुरून परत आत जात असेल तर बऱ्याचदा आतला रबरी पट्टा सैल किंवा गुळगुळीत झालेला असतो. हाताने हलकेच ओढल्यावर ट्रे नीट बाहेर येत असेल तर खात्री पटली. पट्टा हा स्वस्तातला भाग, बदलता येतो. फक्त झाकण उघडण्याआधी प्लग काढा, आणि उघड्या प्लेअरमध्ये लेन्सच्या दिशेने डोकावत डिस्क फिरवून बघू नका.